न रडता उठलेली पोर

पिंपळगाव राजा
ता. १८ जानेवारी १९६५

चि. सहदेवास भिमाबाईचे आशीर्वाद.

कंपाउंडर झाला म्हणून बहिणीपुढं लयच शेफारला का बे? कोकिळाच्या टॉन्सिलच्या आपरेशनाआधी तिले गोड औषध पाजाचं होतं, तं मले, तिच्या मायले, काऊन नाही पुसलं? मागच्या साली शालिग्रामचं हेच आपरेशन झालं, तेव्हा शुद्धीवर येताना तो किती बोंबलला. मले ओळखेना, हाताले कडकडून चावला. पण सांजच्याले माह्या मांडीवर पोरगं माहंच होतं. कोकिळा गपचिप उठली. माह्याकडे पाहून हासली. जन्मलेलं लेकरू रडेपर्यंत सुईण त्याले थोपटत राह्यते. मंग हे तिकडून न रडता कशी आली?

घरी आल्यापासून रडलीच नाही. काल निखारा पायावर पडला, तो तिनं बोटानं उचलून चुलीत टाकला. मले माय म्हणते, पण आधी जरा थांबते.

औषध किती दिवस अंगात राह्यते ते लिही. राग तुह्यावर आहे, तरी लोभही आहेच.

भिमाबाई

खामगाव
ता. २२ जानेवारी १९६५

ती. बाईस सहदेवचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं, खोटं कशाला सांगू. शालिग्राम चावला म्हणून वर्षभर शिव्या तू मलाच घातल्यास. त्यासाठीच डॉक्टरांनी आता ही रीत धरली. भूल देण्याआधी लेकराला गुंगीचं औषध पाजायचं, म्हणजे उठताना ते बिथरत नाही. दुसऱ्या सकाळी अंमल उतरतो.

पण नर्सबाईला विचारलं, तर ती वेगळंच सांगते. कोकिळानं घोट तोंडात धरला अन् खिडकीबाहेर थुंकला. उरलेलं कपातच राहिलं, तेवढ्यात आत बोलावणं आलं. बाई, औषध तिच्या पोटात गेलंच नाही.

भाऊजींना इतक्यात सांगू नकोस. माया असू दे.

तुझा सहदेव

पिंपळगाव राजा
ता. २५ जानेवारी १९६५

चि. सहदेवास आशीर्वाद.

हासणं सरलं का तुहं? पत्र आलं तशी तिले जवळ घेतली अन् पुसलं, औषध काऊन थुकलं. ती म्हणे, "थुकलं ते कोकिळानं." मंग जरा थांबली, अन् म्हणे, "माय."

तू तिले बारशापासून खांद्यावर घेऊन हिंडला. इकडं ये, तिले नीट पाह्य, अन् हे आपली आहे का नाही तेवढं मले सांग. बेस्तरवारपर्यंत तुहा जबाब पाहिजे. नाही आला तं शुक्रवारच्या पहिल्या मोटारीनं हिले तुह्या दवाखान्यात आणून बसवीन, अन् माही पोर मागीन.

भिमाबाई