सव्वा मूठ गहू

२८ मार्च २०२५, मागडेबुर्ग

पोचलो एकदाचा जर्मनीत, शिकायला! चोपड्याच्या बसस्टँडपासून इथपर्यंत तीस तास लागले, आणि त्यातले चार तास मी बॅगेवर बसूनच काढले. पण खोली झकास आहे. चौथा मजला, खिडकीतून नदी दिसते, नळाला चोवीस तास गरम पाणी. आईने दिलेल्या बिबड्यांचा, आमच्या ज्वारीच्या पापडांचा, पार चुरा झालाय, तो मी चमच्याने खाल्ला. लोणच्याची बरणी मात्र शाबूत आहे.

रत्नाताईने निघताना ही वही दिली आणि रोज दोन ओळी तरी लिहायला बजावलं. ताई धुळ्याला सासरी असते. म्हणजे आता घरात आई-बाप दोघंच, आई आणि आबा. शेंडेफळाची बस सुटल्यावर आबा रस्त्याकडे पाठ करून उभे होते म्हणे, मागे वळलेच नाहीत. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. खरं ते लिहावं.

६ एप्रिल, रविवार

आज अब्रू गेली. ठेच्यासाठी मिरच्या-लसूण कुटत होतो तर शेजारच्या केलरबाई दारात हजर. सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात तरी कडक उभ्या राहतात. रविवारी या देशात आवाज करायचा नाही, खिळाही ठोकायचा नाही, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. मी माफी मागितली आणि वाटीभर ठेचा दिला. तासाभराने वाटी धुऊन परत आली, बरोबर केकचा तुकडा. आता त्या मला ‘प्रेम’ म्हणतात, कारण ‘प्रेमराज’ त्यांच्या जिभेवर बसत नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. माझी वरची खोली एका मुलाला राहायला दिलीय. समाधान नाव, पिंपळनेरचा, कॉलेजसाठी चोपड्याला आलाय. आईचं म्हणणं, घर खायला उठत होतं, निदान ताटाला ताट लागेल. मी म्हणालो, चांगलं केलंत. फक्त माझ्या कपाटाला हात लावू नको म्हणावं.

३० एप्रिल, आखाजी

तिकडे आज आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची धमाल. ताई माहेरी आलीय. व्हिडिओवर तिने झोका दाखवला, अंगणातल्या कडुलिंबाला बांधलेला. दरवर्षी तो मी बांधतो. यंदा समाधानने बांधला, आणि ताई म्हणते की इतका उंच आजवर कधी गेला नव्हता.

मग पंगत दिसली. आमरस, पुरणपोळी. आबांच्या उजव्या हाताला माझी जागा असते, तिथे तो बसला होता, अंगात माझा निळा सदरा. आईला विचारलं तर म्हणाली, नुसता पडून होता, कसर लागली असती. बरोबरच आहे तिचं. मी इथे दुकानातला पाव खात होतो. मला त्याचा हेवा वाटला. एका सदऱ्यावरून जीव जाळणं मला शोभत नाही, तरी जळला.

२५ मे

परवा समाधान आबांबरोबर केळीत गेला. ठिबकचा पाइप निसटून त्याच्या भुवईला लागला, तीन टाके पडले. आईचा जीव नुसता खालीवर. “गुणी शे पोर्‍या, तोंडमधून हू का चू नही,” आबा फोनवर म्हणाले. मी दहावीला जिल्ह्यात पहिला आलो तेव्हा याच माणसाने फक्त चष्मा पुसला होता.

पट्टी डाव्या भुवईवर आहे. माझीही खूण तिथेच आहे, सायकलवरून पडल्याची. योगायोग असतात. पण आई म्हणाली, दोघंही सारखेच धडपडे, आणि हसली. तिने आम्हाला एका ओळीत बसवलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

२२ जून

आज फोनवर बोलता बोलता आईने त्याला हाक मारली, “प्रेमराज!” लगेच जीभ चावली. पण तो आधीच “आलो” म्हणाला होता.

तो आवाज! ताईला विचारलं, हा माझ्यासारखा बोलतो का गं? ती म्हणाली, एका घरात राहिलं की तसं होतंच, तूच आता वेगळा बोलतोस, प्रत्येक वाक्य तोलून, परक्यासारखा. इथे सगळे तसंच बोलतात. मी तीन महिने तेच शिकतोय.

दाढी करताना भुवईची खूण शोधावी लागली. होती, पण फिकट.

१३ जुलै

आईने फोटो पाठवला. लिंबाखाली आबा आणि मी. वाटलं, जुना असेल. मग पाहिलं तर आबांच्या हातात नवा फोन, जो त्यांनी मी निघाल्यावर घेतला.

तो मी नव्हतो.

खूण गेली. बोट फिरवलं, भुवई सलग आहे. परीक्षा चार दिवसांवर आणि मी आरशापुढे बसून आहे. त्याने माझं घर घ्यायचं, माझी माणसं घ्यायची, आणि मी इथे कोरड्या पावावर डिग्री घ्यायची. मला डिग्री नको. मला माझी जागा हवी.

२७ जुलै

पुढच्या रविवारी कानबाई, आमच्या देवीचा सण. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. ते दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, खाल्ला तर तो घरचाच होतो म्हणतात, आणि उरवायचा तर मुळीच नाही. घरचा माणूस परगावी असला तर त्याचा वाटा कोणी खायचा ते त्याने स्वतः सांगायचं. नथ्थूकाका सुरतेला होते तेव्हा दरवर्षी फोन करून आबांचं नाव सांगायचे. घराबाहेरची माझी ही पहिलीच कानबाई.

आईने आज तेच विचारलं, तुझा रोट कोणाला देऊ? मी आबांचं नाव घेणारच होतो. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. आबा आणि तो. आबा असे खळखळून हसतात हे मला माहीतच नव्हतं.

माझा तोल गेला. म्हणालो, त्यालाच द्या! तोच तुमचा पोरगा ना आता? खाऊ घाला त्यालाच माझा वाटा!

वाटलं होतं, आई रागावेल, रडेल, माझी समजूत काढेल.  ती एवढंच म्हणाली, “बरं. तू म्हनस तसं.”

३ ऑगस्ट, रविवार

पहाटेपासून फोन लावतोय. सांगायचंय की ते रागात बोललो. आबांचं नाव सांगतो, नथ्थूकाकांचं सांगतो, कोणाचंही. कोणी उचलत नाही. घर भाऊबंदांनी भरलं असणार, गाणी चालू असणार, फोन कुठेतरी उशीखाली —

बावीस वेळा लावला.

शेवटी ताईने उचलला, व्हिडिओ. मागे कानबाई मांडलेली, पंगत बसलेली. तो आबांच्या उजव्या हाताला. आई वाढत होती. मी ओरडलो, ताई, थांबव त्याला, तो रोट माझा आहे, मी परत घेतो शब्द! ओरडणं इतकं मोठं की केलरबाईंनी भिंतीवर ठोकलं. ताईने फोन जवळ धरून पाहिलं, कपाळाला आठ्या. पलीकडे त्याने शेवटचा घास उचलला. माझ्याकडे बघत खाल्ला. चेहऱ्यावर खुन्नस नाही, काही नाही, भुकेला माणूस जेवतो तसा.

ताईने कोणाला तरी विचारलं, “हाऊ कोन शे रे?”

मग फोन बंद.

४ ऑगस्ट

सकाळपासून खातोय. पाव, भात, अंडी, पुन्हा पाव. पोटात काहीच उतरत नाही.

केलरबाई जिन्यात भेटल्या. हात पुढे करून स्वतःचं नाव सांगितलं. या इमारतीत नवीन का, विचारलं. रविवारी आवाज करायचा नाही म्हणाल्या.

मी म्हणालो, मी प्रेम. त्यांनी मान हलवली — नम्रपणे, पहिल्यांदा ऐकतात तशी.

आबांना फोन केला. राँग नंबर, म्हणाले. तीनदा.

वहीचं पहिलं पान वाचलं. अक्षर ओळखीचं वाटत नाही. बिबडे म्हणजे काय, ते आठवायला वेळ —

५ ऑगस्ट

आईचा फोन त्याने उचलला. माझाच आवाज. कोण हवंय, भाऊ? असं अदबीने विचारलं. मी म्हणालो, आईला दे. त्याने दिला. दिला लगेच. त्याला भीतीच नाही कसली —

आईला सगळं सांगितलं. सदरा, झोका, सायकलवरून पडलो ते, तिने हळद भरली ते. ती ऐकत होती. मधेच म्हणाली की एवढं सगळं तुला कोणी सांगितलं. मी म्हणालो, मी तुझा मुलगा आहे.

“मना पोर्‍या आठेच शे, मना मोहरे,” ती म्हणाली. तिचा मुलगा तिथेच होता, तिच्यापुढे. मग, रडणाऱ्या परक्या पोराशी बोलावं तसं, मायेने — तीच माया, तोच सूर, आणि तो आता माझा नाही —

“रडू नको रे भाऊ. तू कोना पोर्‍या शे?”

सांगता आलं नाही.  तिने वाट पाहिली आणि फोन ठेवला.

लिहून तरी बघतो. लिहिलं की राहील. तिचं नाव अजून आहे माझ्याकडे, घट्ट धरून ठेवलंय. मी चोपड्याच्या प्रमिलाबाईंचा —