आधी माझ्या दारात

३ मार्च, सोमवार

धाकटी दवाखान्यातून दोन डबे घेऊन आली. अपोंडी! ओगाडाने माझ्या उरावर आणून बसवलेली सवत. पोटुशी झाल्यापासून चालते अशी, जणू सगळं सरोवर हिच्या बापाचं. म्हणाली, "ओडेराची आई, नर्सबाईंनी दिलंय. एचआयव्हीची तपासणी, घरच्या घरी. एक ह्यांना, एक तुम्हाला. माझं रक्त तिथेच तपासलं, मला काही नाही."

मला!! हिला काही नाही, आणि मी बघायचं? "होड्यांच्या धक्क्यावर मासळी विकत तू फिरायचीस, मी नव्हे," म्हटलं. डबे उचलून आपल्या घरात घेऊन गेली. बरं झालं.

५ मार्च

डबे तिच्याच घरात पडलेत. पडू देत.

८ मार्च

ओगाडा सरोवरावरून मासे धरून आला. अपोंडीने डबा थेट त्याच्या पुढ्यात ठेवला, उगालीच्या ताटाशेजारी. "जेवायच्या आधी करायचं. काडी हिरड्यांवर फिरवायची, बाटलीतल्या पाण्यात उभी करायची. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर दवाखान्यात जाऊन रक्त दाखवायचं."

तो हसला. "अगं, या घरात पेरणीचा पहिला दाणा कोण टाकतं? मिकायी. कापणीचा पहिला विळा कोण घालतं? मिकायी. मिकायीआधी, पहिल्या बायकोआधी, मी हात घातला तर घरावर अरिष्ट यायचं!"

लबाड! त्याला ठाऊक होतं, मी त्या डब्याकडे ढुंकूनही बघणार नाही. माझा मान पुढे करून स्वतः लपतो!

तर ही बया म्हणते, "मग उद्या माझ्या घरी करा. कोणाला कळतंय?"

हिच्या घरी! माझ्या आधी! अंगाची नुसती लाही झाली. एक डबा हिसकावून घेतला. "या घरात काहीही आधी माझ्या दारात!" ओगाडाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

९ मार्च

सकाळी चहाच्या आधी केलं.

दोन रेघा.

काडी खोटी. नर्स खोटी. त्या सटवीनेच काहीतरी लावून ठेवलं असणार!

११ मार्च

बाजाराला जाते म्हणून एकटीच दवाखान्यात गेले. रक्त घेतलं. तेच आलं. गोळ्या दिल्या, जन्मभर घ्यायच्या. नर्स म्हणाली, "नेमाने घेतल्यात तर नातवंडं खेळवाल." आणि मी काही न विचारताच, "धाकटीचं आज नाही आलं, पण उद्याचं कोणी सांगावं? तिला आत्ता लागण झाली तर बाळालाही धोका. नवऱ्याला आणा."

वाटेत रडले. ओगाडाशिवाय दुसरा पुरुष मला माहीत नाही.

१२ मार्च

ओगाडाला सांगितलं. म्हणतो, "कुठे शेण खाऊन आलीस?" मला!! उठला, अपोंडीकडचा आपला डबा आणला आणि माझ्या चुलीत घातला. "मी ठणठणीत आहे!"

घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. आणि उद्यापासून त्याच्या रात्रींची पाळी अपोंडीकडे.

१३ मार्च

अपोंडीला सगळं सांगितलं. रेघा, रक्त, चूल, सगळं. रडत गळ्यात पडायला आली. "लांब हो!" म्हटलं. "पोटातल्यासाठी सांगतेय. तू मला आजही आवडत नाहीस." ते खरंच आहे.

१४ मार्च

काल संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर ओगाडाच्या वाटेत आडवी उभी राहिले. "आजपासून तुझ्या सगळ्या रात्री माझ्या घरी. मिकायी आहे मी!" दीर हसले, जावा हसल्या. आज धक्क्यावर एकच विषय — म्हातारीला सवत सोसवेना! म्हणू देत मेल्यांना. रात्री अपोंडीने आपल्या दाराला आतून कडी लावून घेतली. मी ऐकली.