वारा सरेपर्यंत

३ तारीख, सोमवार
काल पोटाचं ऑपरेशन झालं. आतडं जरा कापून जोडलंय म्हणे. ठीक आहे सगळं. फक्त वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. नर्स आली की पहिला प्रश्न तोच, भर वॉर्डात, मोठ्यानं: आजी, गॅस गेला का? सांगितलं, आमच्या घरात बायका असलं काही करत नाहीत. हसली. हसण्यासारखं काय होतं, तीच जाणे.

४ तारीख
शेजारच्या खाटेवरची जाडी सकाळपासून तोफा डागतेय. तिला दुपारी चहा मिळाला. जनाची नाही, मनाची तरी! आमच्या ह्यांनाही हीच खोड. चाळीस वर्षं त्यांना गॅलरीत पाठवलं. पावसातसुद्धा.
माझं उद्या होईल. आवाज होऊ देणार नाही.

५ तारीख, सकाळ
झालं नाही. डॉक्टरला सांगितलं, झालं. किती वेळा, म्हणाला. चारचौघांत शोभेल इतकंच सांगितलं, एकदा. चहा आला. हे खोटं नव्हे. होणारच आहे ते आधी सांगितलं, एवढंच.

५ तारीख, संध्याकाळ
चहा उलटला, सगळा सुनेच्या अंगावर. पोटाचा नगारा. नाकातून नळी. दूधच नासकं असणार. सून म्हणाली, आई, खरं सांगा, सरला होता का? मी डोळे मिटले. नळी असताना बोलू नये.

६ तारीख
मोठ्या डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेलं. आला तो रडून डोळे लाल झालेले. उद्या दहापर्यंत वारा सरला नाही तर पोट पुन्हा उघडायचं. म्हणाला, या वयात... पुढचं गिळलं.
मी नाही भीत. हात गार पडलेत ते पंख्यानं.
सुनेचा खांदा धरून वॉर्डात चार फेऱ्या मारल्या. काही नाही. जाडी म्हणते, आजी, आधी लाज सोडा. आली मोठी शिकवणारी.

७ तारीख
दहाला पाच मिनिटं. खाटेभोवती मोठे डॉक्टर आणि सहा शिकाऊ. मुलानं सहीला पेन काढलं आणि वाजला. लांबलचक. एक शिकाऊ पोरगी दचकून मागे सरली. मी लगेच जाडीकडे बोट दाखवलं.
मुलाचं तोंड उतरलं. सही केली. डॉक्टर म्हणाले, चला, थिएटरमध्ये घ्या. चाकं हलली. दारापर्यंत मी गप्प. दारात म्हटलं, थांबा, माझाच होता.
दोनदा ओरडून सांगावं लागलं. मोठ्या डॉक्टरांना कमी ऐकू येतं.