आप्पांच्या पिकअपचा पंप

उस्ताद,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या, मग पुढचं बोलू. या देशातून गोणपाट नाहीसं झालं आहे. गहू प्लास्टिकच्या गोणीत, सरकी प्लास्टिकच्या गोणीत, कांदा तर जाळीत, म्हणजे त्याच्यावर झोपायची सोयच नाही. गाडीखाली झोपून काम करणाऱ्या माणसाचा विचार कुणीही, कुठल्याही सभेत केलेला माझ्या ऐकिवात नाही. तुमच्या दुकानात तागाचं पोतं अंथरलं की माणूस जागच्या जागी राहायचा, फार तर पाठ खाजायची. आता मी प्लास्टिकच्या गोणीवर झोपतो, पाना लावून जोर देतो, आणि बोल्ट आपल्या जागी राहून मीच सरकतो. गेल्या बुधवारी असाच सरकलो. निघालो होतो टाकीवरच्या प्लगकडे आणि थांबलो चेसीच्या डाव्या लोखंडी दांड्याखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे. नाकापासून वीतभर अंतरावर एक बोल्ट होता. शिळ्या भाकरीला बुरशी येते तसा तो फुगलेला, हिरवा-पांढरा. त्या बोल्टला पंपाची अर्थिंगची वायर लावलेली होती. उस्ताद, मी तसाच पडून राहिलो. वरून कुणी विचारलं असतं तर नाव सांगता आलं नसतं.

गाडी ब्राह्मणपुरीच्या आप्पांची. तेच पपईवाले, तुमचे जुने गिऱ्हाईक, नंतर माझे झालेले. नवी गाडी घेऊन दोन वर्षं झाली. पेट्रोलवरचा लहान पिकअप, पंप टाकीच्या आत. महिनाभर रडत होती. चालता चालता मरायची, पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. माझ्याकडे येण्याआधी एकानं पंप बदलला, दुसऱ्यानं पंपाला करंट सोडणारा रिले बदलला, तिसऱ्यानं पेट्रोलला शिव्या दिल्या. मी चावी फिरवून टाकीला कान लावला. निरोगी पंप सुरुवातीला दोन सेकंद गुणगुणतो, हा गप्प. प्लगवर मीटर लावलं तर मीटर म्हणतो, बारा व्होल्ट, सगळं छान. माझं मीटर फार आशावादी आहे. बारा व्होल्ट येतात आणि पंप फिरत नाही म्हटल्यावर मीही पंपालाच दोष देणार होतो. मग खणातून तुमचा बल्ब काढला.

त्या बल्बबद्दल तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात झापलं होतं. मी टेस्टरचा बारका दिवा लागलेला पाहून ओरडलो होतो, "उस्ताद, करंट शे!" तुम्ही हातातला चहा खाली ठेवला. "चिमनीना घोटभर पानी नयले वनं म्हनीसन शेत भरी जाई का रे? पंपले पोटभर करंट लागस. पोटभर वना का नही ते पाह्य." आणि हेडलाइटचा जुना बल्ब दिलात, दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या. पंपाच्या जागी तो बल्ब लावायचा. झगझगीत पेटला तर वायरी ठीक, पंप खराब. मिणमिणला तर पंपाला हात लावायचा नाही, वाट तपासायची. जायची तपासायची आणि परतायचीही तपासायची, कारण करंट पंपात शिरतो तसा त्याला चेसीतून बॅटरीकडे परतावं लागतं. परतीची वाट गंजली की बारीक दिव्यापुरतं जातं-येतं, पंपापुरतं नाही. हे सगळं तुम्हाला मी सांगतोय, म्हणजे बघा माझी हिंमत. पण लिहून काढल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

तर बुधवारी बल्ब मिणमिणला. मी वायर तपासायला पुन्हा गाडीखाली प्लगकडे निघालो, सरकलो, आणि तो बोल्ट दिसला. नव्या गाडीला दोन वर्षांत एवढा गंज येत नाही. बाकीची चेसी स्वच्छ. मी तिथूनच हाक मारली.

"आप्पा, अठे काय सांडतस तुम्ही?"

आप्पांचे पाय दिसत होते, एक सरळ, एक गुडघ्यात आखडलेला. "सांडाले मी काय लहान पोऱ्या शे का? नारय फोडस तठे. दर अमावसले."

"नारय लोके बंपरवर फोडतस."

"लोके फोडतस. मन्हा बाप बैलगाडीना आखजवय फोडे. नारयनं पानी लोखंडले लागनं पाहिजे. नही ते गाडी तहानेली ऱ्हास."

मी बोल्टवर नख फिरवलं. मग विचारलं, "जुनी गाडीलेबी अठेच फोडेत का?"

"अठेच. डावी बाजूले. काबरं?"

उस्ताद, मी गाडीखालून बाहेर आलो आणि जमिनीवरच बसलो. मला तुमचा आवाज ऐकू आला असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, नाटकं करू नको. पण ऐकू आला. अकरा वर्षांपूर्वीचा, जशाच्या तसा.

तुम्ही जुन्या पिकअपजवळ उभे आहात. आप्पांची ही तिसरी फेरी. पंप बदलून झालाय, रिले बदललाय, तुम्ही रिलेपासून पंपापर्यंत नवी वायर ओढलीय, दुकानात बल्बही लख्ख पेटतो, तरी रस्त्यावर गाडी मरते. दुकानात पाच-सहा जण बसलेत, मला धरून. तुम्ही हात पुसत पुसत म्हणता, "आप्पा, हाई गाडी अमावसनंतर दोन-तीन दिनम्हा बंद पडस. मी ध्यान ठेयेल शे. तुम्ही नारय कोठे फोडतस?"

आणि मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्या जिभेला गप्प बसण्याची सवय कुणी लावली नाही. "उस्ताद, टेस्टर ठेई द्या, पंचांग लई येऊ का?" सगळे खो खो हसले. आप्पासुद्धा हसले. "राहू बठेल शे म्हनस आप्पाना पंपम्हा," असं कुणीतरी जोडलं आणि पुन्हा हशा. तुम्ही खाली पाहिलंत. हात स्वच्छ झाले होते तरी पुसत राहिलात. प्रश्न पुन्हा विचारला नाहीत. आप्पा गाडी घेऊन गेले. दुसऱ्यांदा विचारायला एवढं काय लागलं असतं, असं मी इतकी वर्षं म्हणू शकलो असतो. पण मला तो प्रश्न आठवतच नव्हता. विनोद आठवत होता. तो मी पुढे चार ठिकाणी सांगितला, शहाद्यात चांगला चालला.

तीन दिवसांनी प्रकाशाच्या पुलावर गाडी मेली. तापीवर दर्शनाची गर्दी, गाडीत पपई, आप्पा एकटे. उतरून ढकलायला मागे गेले. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्यानं ब्रेक लावला, पण ट्रॉली ऐकत नाही. आप्पांचा गुडघा दोन लोखंडांच्या मध्ये सापडला. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले आणि उरलेले हात तुमच्याकडे दाखवले.

गाडी माझ्याकडे आणली गेली. तेव्हा मी तुमच्या समोरच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकायच्या गडबडीत होतो, तुम्हाला न सांगता. मी तुमची वायर उपटली, माझी ओढली. अर्थिंगची वायर मात्र माझ्याकडे जाड होती आणि तोकडी होती. जुन्या बोल्टपर्यंत पोचेना, म्हणून वर, केबिनच्या मागे जवळच बोल्ट दिसला तिथं कसली. गाडी पुन्हा कधी मेली नाही. एवढीच माझी कर्तबगारी, उस्ताद. वायर चार बोटं कमी पडली. त्या चार बोटांवर मी अकरा वर्षं दुकान चालवलं. लोक म्हणाले, पोरगा उस्तादाच्या वर गेला. मी म्हणालो, "उस्तादना डोया गयात आते, त्यासनी वायर भरोसानी नही ऱ्हायनी." हे मी नम्रपणे म्हणालो, म्हणजे ते आणखी खरं वाटलं.

नंतर तुमच्या दुकानासमोर गाड्या थांबेनात. तुम्ही सकाळी शटर उघडायचात, दुपारी पाडायचात. माझं शेड उभं राहिलं त्या दिवशी कुणाच्या तरी हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो बल्ब पाठवलात. निरोप नाही, काही नाही. मी नवं मीटर घेतलं होतं, बल्ब खणात टाकला. मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. माझ्याकडे टोमण्याशिवाय दुसरं माप नव्हतं. पुढे वर्ष-दीड वर्षात तुम्ही गेलात. खांदा द्यायला मी होतो. तोही नीट दिला, सगळ्यांना दिसेल असा.

आता बुधवारचं राहिलेलं सांगतो, कारण खरी लाज तिथं आहे. मी आप्पांना बोल्ट दाखवला. नारळाचं पाणी तांब्याला आणि लोखंडाला कसं खातं, ते समजावलं. पॉलिश पेपरनं चेसी चकचकीत घासली, अर्थिंग वर नेऊन कसली, ग्रीस लावलं. बल्ब लावून दाखवला, असा पेटला की आप्पांनी डोळ्यांवर हात धरला. सांगितलं, नारळ दगडावर फोडा, चाकाला बोटभर पाणी लावा, देव काही मोजत बसत नाही. टाकीही पार कोरडी होईपर्यंत चालवू नका, हा पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो. तुमचं सगळं शिकवणं मी माझ्या तोंडानं, माझ्या नावावर दिलं. आप्पा ऐकत होते. मग एकदम म्हणाले,

"म्हंजे पुलवर... मन्हाच नारय?"

त्यांचा चेहरा बसलेल्या पिठासारखा झाला. स्वतःच्या गुडघ्याकडे असे पाहत राहिले जणू तो दुसऱ्याचा आहे आणि त्यांनी तोडलाय. तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. साऱ्या तालुक्यात ज्याच्या जिभेची भीती आहे त्या माणसानं फ्यूजची डबी उघडली आणि बंद केली. म्हणालो, "जाऊ द्या आप्पा, व्हनं ते व्हनं." आप्पा गेले. बापानं शिकवलेल्या भक्तीनं आपला पाय मोडला, असं समजून गेले. आणि मी जाऊ दिलं. मला धक्का बोल्ट पाहून बसला होता. पण ती फ्यूजची डबी उघडणारे हात माझे होते, यानं जास्त बसला. अकरा वर्षांपूर्वीचा मी तरुण होतो, मूर्ख होतो, असं म्हणता येतं. बुधवारचा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो.

आज रविवार. इथवर लिहून कागद मिटवले आणि ब्राह्मणपुरीला जाऊन आलो. आता पुढचं लिहितो.

आप्पा शेताच्या फाटकाजवळ लिंबाखाली बसून पपया कागदात गुंडाळत होते. चार दिवसांत उतरल्यासारखे दिसले. गाडी शेजारी उभी. तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"काय रे, परत बंद पडनी का गाडी?"

"नही. आप्पा, तुमना पाय नारयमुळे नही गया."

"मंग?"

"उस्तादनी पुलना तीन दिन पहिले इचारेल व्हतं, नारय कोठे फोडतस. तुम्हले याद शे का? मी हासनू. पंचांग लई येऊ का, म्हनं. तुम्हीन उत्तर देतात ते त्यासले सापडी जातं."

आप्पांनी पपई कागदात ठेवली, कागदाची टोकं मुडपली. "याद शे," म्हणाले. "मीबी हासनू व्हतू."

"अजून एक शे." हे मी तुम्हालाही अजून लिहिलं नव्हतं, उस्ताद. वरची पानं मी पुन्हा चाळली, ते तिथं नाही. वायर चार बोटं कमी पडली, असं छान लिहून पुढे गेलो होतो. "पुलनंतर गाडी मन्हाकडे वनी, तवय जुना बोल्टवरनी वायरनी कडी मन्हा हातम्हा भुगा व्हईसन तुटनी. हिरवीगार. मी देखी. फेकी दिन्ही. आनि सांगं, उस्तादनी वायर खराब."

आप्पांनी आणखी एक पपई गुंडाळली. मग आप्पा माझ्याकडे न बघता बोलले. "त्यासना मयतले मी गऊ नही. बायको म्हने, जाय. मी म्हनं, ज्यानी मन्हा पाय लिन्हा त्याना दारले जाऊ का? तुन्हं ऐकीसन बसनू घर." एक पपई उचलली, देठ पाहिला, ठेवली. "त्यासनी घरवाली शे ना अजून?"

"शे. पोरगीकडे, नवापूरले."

"उद्या जास मी. गाडी पोची ना तठलोंग?"

"पोची."

"तू येवानी गरज नही," आप्पा म्हणाले. "जाय आते."

मी निघालो. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. पहिलं पान तर निम्मं गोणपाटावर घालवलंय. जे देणं होतं ते तिथं, लिंबाखाली देऊन आलो, उशिरा आणि सुटं-सुटं. एक तेवढं लिहून ठेवतो, कारण आप्पांच्या ते लक्षात आलं नसेल, तुमच्या आलं असतं. मी हे सगळं त्यांना फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं, आणि तेवढा सगळा वेळ माझी मोटरसायकल परतीच्या वाटेला तोंड करून चालूच होती.