युद्धाचं सहावं पुस्तक

गुरुवार, संध्याकाळ

शेजारच्या नलूताईंनी आज सहावं पुस्तक परत दिलं. खूण चाळिसाव्या पानावरच. वर्षभरात दोघींनी मिळून युद्धावरची बारा पुस्तकं वाचायची, कादंबऱ्या अन् आठवणी, ही टूम माझीच. त्यांचा मुलगा निखिल सीमेवर मारला गेला त्याला तीन वर्षं झाली. वाचता वाचता मोकळ्या होतील, वाटलं होतं. काहून वाटलं मले असं?

आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "ताई, हा माणूस स्वतः लढलेला आहे. खरं लिहून राहिला."

"हव. पण हा घरी आला ना," त्या म्हणाल्या. "आठवणी लिहिणारे सगळेच घरी आले. माह्या पोराचं शेवटी काय झालं, ते यातल्या कोणालेच माहीत नाही."

चाळिसावं पान. म्हणजे त्यांनी कधीचंच थांबवलं होतं, अन् मी दर गुरुवारी विचारत होते, कुठवर आलं?

"पुढचं नको आणू," म्हणाल्या अन् आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

आता कोणतं निमित्त काढून जाऊ त्यांच्याकडे?