हरणावरचं लुगडं

प्रिय वसू,

काल मी हरीण मारलं आणि ते न्यायचं कुठे, दाखवायचं कुणाला, असा प्रश्न पडला. म्हणून लिहायला बसलोय. शिकार नोंदवायची ती चेक स्टेशनं बंद झाली गं! आता जंगलातूनच फोन लावायचा. मशीन विचारतं, नर की मादी, कुठे मारलं. आपण बटणं दाबायची, की ते एक नंबर देतं. झालं. माझ्या कानाला फोन, पायाशी हरीण, आसपास चिटपाखरू नाही. इतका वीट आला की तिथेच खाली बसलो.

मिहिर म्हणतो, "बाबा, जस्ट स्टॉप. यू आर टू ओल्ड फॉर धिस." तुझाच मुलगा तो. तूही हेच म्हणायचीस, फक्त मराठीत आणि मी चाळिशीचा असताना.

ऐंशीच्या दशकातला आपला तो पहिला डिसेंबर आठवतो? अमेरिकेत, वेस्ट विंडसरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसातल्या लोकांबरोबर मी शिकारीला गेलो. आमच्या कोल्हापूरकडे शिकारीचं केवढं कौतुक! आणि तू पुण्याची, अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवणारी. हरीण स्टेशन वॅगनमध्ये घालून मी आधी घरी आलो, तुला दाखवायला. तू आत गेलीस, तुझ्या आईचं जुनं इरकली लुगडं आणलंस आणि हरीण पार तोंडासकट झाकलंस. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे गेलेल्या माणसाचंही तोंड उघडं ठेवतात.

"ओळखीच्यांना बघायचं असतं म्हणून ठेवतात," तू म्हणालीस. "याला इथे कोण ओळखतंय?"

आणि शेजारच्या सीटवर येऊन बसलीस. त्याला एकटं पाठवायचं नाही म्हणे!

पेट्रोल पंपामागच्या त्या चेक स्टेशनवर पिकअपची रांग लागलेली. हातात कॉफीचे कप, हरणं जिभा बाहेर काढून उघडी पडलेली, आणि जो तो आपलं हरीण कसं पडलं ते सांगतोय. आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि सगळे आत डोकवायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजन करून, वयासाठी दात बघून टॅग लावणारा तो धिप्पाड हँक लुगड्याकडे बघत राहिला, मग तुझ्याकडे. त्याने टोपी काढली.

"मे आय, मॅम?"

तू मान हलवलीस. काम झाल्यावर त्याने लुगडं होतं तसं पुन्हा घातलं, पदर हाताने सारखा केला. या देशात आल्यापासून तुला विचारून कुणी काही केलं असेल, तर ते हेच असावं.

मग काय, दर डिसेंबरला तू निघायचीस. मांसाला शिवली नाहीस कधी, पण हरणाबरोबर यायचीस. चिवड्याचा डबा न्यायला लागलीस. तू दिसलीस की हँक आधी "येलो स्टफ" मागायचा, मग हरीण बघायचा. रांगेतले बाप्ये तुला घरच्या कटकटी सांगायचे. माझ्यापेक्षा तुझ्याच ओळखी जास्त तिथे!

आणि गेलीस तू आधी. बंदूक घेऊन थंडीत मी हिंडायचं, दबा धरून बसल्या झाडावरून पडायचं मी, आणि जायचं तू? हा कुठला न्याय गं? दमलोय फार. रात्रीचं जेवण गरम करायचंसुद्धा जिवावर येतं.

एक सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या वेळी फ्युनरल होममधल्या बाईंनी विचारलं, चेहरा झाकायचा का? तेवढ्यात हँक आला, काठी टेकत. मागे चेक स्टेशनच्या रांगेतले म्हातारे, सगळे इस्त्रीच्या शर्टात. मी म्हटलं, उघडाच असू दे. तिला ओळखणारी माणसं आली आहेत.

कालचं हरीणही लुगड्याखालीच आणलं. ते बाजूला करायला मीच होतो. पण आधी तुला विचारलं, चांगलं मोठ्याने.

हे शेवटचं, वसू. शब्द देतो. बंदूक मिहिर घेऊन जाणार आहे. लुगडं धुऊन वाळत घातलंय, ते मात्र मी देणार नाही. मिहिरला सांगून ठेवतो: माझ्या वेळी हँक नसेल, रांगेतलं कुणीच उरलं नसेल, तर ते माझ्यावर घाल. तोंडासकट.

तुझे,
"अहो"