हातातले बूट

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२२ फेब्रुवारी १९८७

आदरणीय बाबा,

इथल्या बर्फातून तुम्हाला आणि आईला कडक जयभीम.

मी ठणठणीत आहे. खोकला होता, तोही गेला.

मी ज्याचे कपडे शिवत होते ते युनिव्हर्सिटीचं नाटक काल झालं. जुन्या रशियन कादंबरीवरचं, जमीनदार आणि त्याच्या वेठबिगारांचं. पण भाषा आफ्रिकान्स, दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांची! दिग्दर्शक एब्राहम्स सर केपटाऊनचे, रंगाने आपल्यासारखे. म्हणतात, "गोरे याच भाषेत आम्हाला हुकूम सोडतात. पण माझी आईही याच भाषेत मला जेवायला हाक मारायची. मी का सोडू?"

तालमीत जमीनदाराच्या दारावरून जाताना वेठबिगार झालेला मुलगा नुसता कमरेत वाकायचा. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझे आजोबा पाटलाच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्यायचे."

सरांनी त्या मुलाला अख्खं नाटक बूट हातात घेऊन चालवलं. शेवटी तो जमीनदारासमोर बसतो आणि सावकाश बूट चढवतो. सगळं थिएटर उठून उभं राहिलं, बाबा! सरांनी मला स्टेजवर बोलावून सांगितलं, "हे हिच्या आजोबांचं."

धाकट्या कमलाचा दहावीचा अभ्यास झाला का?

आई लिहिते, तुमच्या टाचांच्या भेगांतून रक्त येतं आणि मी पाठवलेले बूट मात्र ट्रंकेत आहेत. आजच काढा. ते घालून डॉक्टरकडे जा, आणि जाताना पाटलाच्या दारावरूनच जा.

तुमचीच,
विशाखा